बीआरजी१ ची रॅबिट मोनोक्लोनल अँटीबॉडी: माल चांगला, डेटाशीट अपुरी

बाफ कॉम्प्लेक्सवर (पेशीत डीएनएची गुंडाळी हलवणारा प्रोटीनचा गट) काम करणाऱ्यांना माहितीये की त्यातल्या बीआरजी१ या प्रोटीनची धड अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते ओळखणारा रेणू) मिळणं किती कटकटीचं आहे. एटीपी (पेशीचं इंधन) वापरून न्यूक्लिओसोम (हिस्टोन प्रोटीनभोवती गुंडाळलेला डीएनए) सरकवायचं काम एका कॉम्प्लेक्समधे एकतर बीआरजी१ करतं नाहीतर त्याचं जुळं भावंड शोभेल असं बीआरएम, दोन्ही एकत्र नसतात, आणि दोघांचा सीक्वेन्स साधारण ७५ टक्के सारखा, साईझही जवळपास तीच, मग अँटीबॉडीने दोघांना धरलं तर वेस्टर्न ब्लॉट (आकाराप्रमाणे वेगळी केलेली प्रोटीन अँटीबॉडीने शोधायची पद्धत) बघून बँड कुणाचा ते कळतच नाही.

ही अँटीबॉडी त्या बाबतीत एकदम पक्की निघाली. हेला सेलमधे २०० केडीएच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास स्वच्छ बँड आणि ए५४९ या फुप्फुसाच्या कॅन्सर सेलमधे काहीच नाही, कारण त्या सेलमधे बीआरजी१ नसतं, बीआरएम मात्र त्याच लायसेटमधे (फोडलेल्या सेलच्या द्रवात) वेगळ्या अँटीबॉडीने व्यवस्थित दिसलं. जेल ६ टक्क्यांचं घ्या आणि ट्रान्सफर रात्रभर थंडीत ठेवा, एवढं मोठं प्रोटीन घाईत मेंब्रेनवर येत नाही.

कंपनीवर राग एवढाच की डेटाशीटवर हेला आणि माऊस ईएस सेल (उंदराच्या भ्रूणाच्या स्टेम सेल) सोडून काही नाही. अहो, ईएस सेलच्या बाफमधे बीआरएम नसतंच, तिथे एक बँड दिसला म्हणून स्पेसिफिसिटी कशी सिद्ध होणार? नेगेटिव्ह (बीआरजी१ नसलेल्या) सेलचा एक फोटो टाकायला काय हरकत होती.

आयपी (अँटीबॉडीने प्रोटीन ओढून बाहेर काढणं) मस्त. न्यूक्लियर एक्स्ट्रॅक्टमधून बाफचे बाकीचे भाग बीएएफ१५५, एआरआयडी१ए, एसएमएआरसीबी१ सगळे सोबत येतात. चिपला (प्रोटीन डीएनएवर कुठे बसलंय ते शोधायची पद्धत) मात्र नुसत्या फॉर्माल्डिहाइडवर सिग्नल आयजीजीच्या (काहीच ठरावीक न धरणारी तुलनेची अँटीबॉडी) जेमतेम वर होता, आधी डीएसजीने (प्रोटीनला प्रोटीन जोडणारं रसायन) क्रॉसलिंक करून मग फॉर्माल्डिहाइड दिलं तर एन्हान्सरवर (जीन चालू करायला मदत करणारे डीएनएचे भाग) झकास पीक आले. बीआरजी१ ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरसारखं ठरावीक सीक्वेन्स पकडून बसत नाही, क्रोमॅटिनवर (डीएनए आणि त्यावरची प्रोटीन) बरंचसं इतर प्रोटीनच्या आधाराने टिकतं, म्हणून आधी प्रोटीन-प्रोटीन जोड पक्का करावा लागतो. डेटाशीटमधे याचा उल्लेख नाही, आणि नवीन माणूस इथेच अँटीबॉडीला दोष देऊन मोकळा होईल.

आणि प्लीज, हे पीक थेट कॅनॉनिकल (नेहमीच्या) बाफचे म्हणून लिहू नका. बीआरजी१ बाफच्या पीबाफ या दुसऱ्या प्रकारातही असतं आणि नॉन-कॅनॉनिकल बाफमधेही, वेगळं करायचं तर एआरआयडी१ए (कॅनॉनिकल), पीबीआरएम१ (पीबाफ) आणि बीआरडी९ (नॉन-कॅनॉनिकल) च्या अँटीबॉड्या लागतीलच.

इम्युनोफ्लुरोसन्स (मायक्रोस्कोपखाली चमकणाऱ्या रंगाने प्रोटीन बघणं) ठीकठाक, बॅकग्राउंड जरा जास्त. वेस्टर्न, आयपी आणि चिपसाठी पाचपैकी चार स्टार, बिनधास्त घ्या.