इनकमिंगसाठी ट्रंक कोणती: रजिस्ट्रेशनची की आयपीची?

सिप ट्रंक (इंटरनेट किंवा डेटा लाइनवरून चालणारी टेलिफोन लाइन) घेताना प्रोव्हायडर हमखास विचारतो: रजिस्टर करणार, की आयपी देणार? म्हणजे पासवर्डने नोंद करणार, की ठरलेल्या आयपीवरून ओळख पटवणार? आउटगोइंगला दोन्हींत फारसं डावं-उजवं नाही. कस लागतो तो बाहेरून कॉल येतो तेव्हा. मी दोन्ही पद्धती ॲस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर, त्यातला पीजेसिप हा सिप ड्रायव्हर वापरून चालवल्या आहेत, तेव्हा खालचा अनुभव तेवढ्यापुरताच धरा. (चान_सिप हा जुना ड्रायव्हर ॲस्टरिस्कच्या आवृत्ती २१ मध्ये काढूनच टाकलंय, त्यामुळे त्याचे जुने नमुने उतरवून घेऊ नका.)

रजिस्ट्रेशनची सोय मोठी आहे. स्टॅटिक आयपी लागत नाही, राउटरवर पोर्ट उघडावा लागत नाही. आपलं मशीनच बाहेर जाऊन पासवर्ड देऊन नोंद करतं आणि त्याच वाटेने कॉल आत येतो. फायबर कनेक्शन सीजीनॅटमागे असेल, म्हणजे स्वतःचा पब्लिक आयपीच नसेल, तर बहुधा हाच मार्ग उरतो.

पण ती वाट किती वेळ उघडी राहणार, हे राउटर ठरवतो. ॲस्टरिस्क मुळात ३६०० सेकंदांसाठी नोंदणी मागतं. राउटर मात्र यूडीपी या प्रोटोकॉलवर हालचाल दिसली नाही की काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत नॅटची नोंद (बाहेरून आलेलं आत कुठे द्यायचं याची खूण) पुसून टाकतो. मग कन्सोलवर ‘रजिस्टर्ड’ दिसतं, आउटगोइंग खणखणीत लागतं आणि इनकमिंग मात्र बंद. एका दवाखान्यात हे जवळून पाहिलं. सकाळी रिसेप्शनवरून सतत बाहेर फोन चालू असायचे, म्हणून वाट उघडी राहायची आणि येणारे कॉलही लागायचे. दुपारी सामसूम झाली की पेशंटचा फोन लागेना, आणि आपल्या लॉगमध्ये एक ओळही नाही. इनव्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा सिप संदेश, आपल्यापर्यंत पोचलाच नाही, तर लॉग काय सांगणार? त्यात तपासायला म्हणून आपण एक कॉल बाहेर करायचा, की लगेच इनकमिंगही सुरू! तक्रार करणारा खोटा ठरतो आणि बिघाड तसाच राहतो. माझा कल बदलला तो यामुळेच.

उपाय नाही असं नाही. एओआरमध्ये (प्रोव्हायडरचा पत्ता असलेल्या कॉन्फिगच्या सेक्शनमध्ये) क्वालिफाय_फ्रिक्वेन्सी ३० सेकंदांच्या आसपास ठेवली की ऑप्शन्स हे ‘आहेस का?’ विचारणारे संदेश जात राहतात, वाट उघडी राहते आणि बहुतेक ठिकाणी भागतं. नोंदणी फसली तर पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा ते सांगणारं मॅक्स_रिट्राइज मुळात १० असतं, दोन प्रयत्नांमध्ये ६० सेकंद, म्हणजे एकूण दहाएक मिनिटं. फायबर त्याहून जास्त वेळ तुटली तर ॲस्टरिस्क प्रयत्नच सोडून देतं, लाइन परत आली तरी. हा आकडा भरपूर वाढवा.

आणखी एक अडचण म्हणजे नोंदणी एका सर्व्हरवर आणि इनव्हाइट दुसऱ्याच आयपीवरून. नोंदणीच्या सेक्शनमध्ये लाइन=येस लावून सोबत एंडपॉइंटचं (कॉन्फिगमधल्या आपल्या ट्रंकचं) नाव दिलं तर ॲस्टरिस्क कॉल ओळखतं, पण त्यासाठी प्रोव्हायडरने तो पॅरामीटर परत पाठवायला हवा. काही पाठवत नाहीत. मग ‘नो मॅचिंग एंडपॉइंट फाउंड’ येतं आणि शेवटी कोणत्या आयपीचा कॉल कोणत्या एंडपॉइंटचा हे सांगणारा आयडेंटिफाय सेक्शन लिहावाच लागतो. म्हणजे रजिस्ट्रेशन घेऊनही आयपीची यादी काही चुकली नाही.

आयपीच्या ट्रंकमध्ये तोच सेक्शन मुख्य असतो: मॅचमध्ये प्रोव्हायडरचे आयपी आणि एंडपॉइंटचं नाव. एंडपॉइंटला ऑथ लावू नका. लावलंत तर आपलं मशीन प्रोव्हायडरकडेच पासवर्ड मागतं आणि कॉल ४०१ (‘आधी ओळख पटवा’) या उत्तरावर अडकतो. ज्या नंबरवर फोन आला तो बहुधा इनव्हाइटमध्ये सरळ मिळतो, नोंदणीत आपला नंबर देणाऱ्या कॉन्टॅक्ट_युजर या सेटिंगची भानगड नाही. तो कधी अधिक ९१, कधी शून्य, कधी नुसता दहा आकडी येतो, म्हणून डायलप्लॅनमध्ये (कॉल कुठे न्यायचा त्या नियमांत) शेवटचे दहा आकडेच घ्यावेत.

याचीही किंमत आहे. स्टॅटिक आयपीचे पैसे पडतात. ५०६० हा सिपचा पोर्ट आणि आरटीपीची, म्हणजे आवाजाच्या पोर्टांची रेंज फायरवॉलमध्ये फक्त प्रोव्हायडरसाठीच उघडावी लागते. जगाला उघडा ठेवलेला ५०६० स्कॅनर शोधतातच. कॉल येत नाही म्हणून अनॉनिमस (अनोळखी आयपीचेही कॉल घेणारा एंडपॉइंट) चालू करा, असं कुणी सुचवलं तर कृपया ऐकू नका. प्रोव्हायडरने आयपी बदलले तर कॉल अडतात, आणि मॅचमध्ये होस्टनेम दिलं असेल तरी ते फक्त कॉन्फिग लोड होतानाच तपासलं जातं. पण फायरवॉलने अडवलं तर त्याच्या लॉगमध्ये, ॲस्टरिस्कने अडवलं तर कन्सोलवर तो नवा आयपी समोर दिसतो. दुरुस्ती एका ओळीची. निदान माझ्या अनुभवात, स्टॅटिक आयपी परवडत असेल तर हीच ट्रंक कमी त्रास देते.

आपल्याकडे मोठ्या ऑपरेटरांची ट्रंक बरेचदा वेगळ्या फायबरवर खासगी आयपीसह येते. तिथे दुसरं लॅन कार्ड आणि स्टॅटिक रूट लागतो, नॅट मध्ये येत नाही. इंटरनेटवरून ट्रंक घेत असाल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा: इनव्हाइट कोणकोणत्या आयपींवरून येतील, यादी बदलताना किती आधी कळवणार, आणि मीडियाचे आयपी कोणते. हे शेवटचे अनेकदा वेगळे असतात, आणि ते फायरवॉलमध्ये राहून गेले तर रिंग वाजते, पण फोन उचलल्यावर समोरच्याचा आवाज येत नाही.