20 महिने, 38 तास आणि शेपटीतलं पाणी

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मागचं चाक बदलायला माझं किटमधून बांधलेलं छोटं विमान टेकूवर घेतलं, तेव्हा बूमच्या, म्हणजे शेपटी धरणाऱ्या लांब नळीच्या, टोकातून पांढरी भुकटी हातावर पडली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते नळीत आरपार गेलं. हवेत तेव्हा जेमतेम 17 तास झाले होते. बांधायला 7 महिने लागले होते.

एका माणसाचं, नळ्या आणि डेक्रॉन कापडाचं, मागून ढकलणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचं हे किट. नाव लिहीत नाही, विक्रेत्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. आराखडा अतिहलक्या विमानांच्या अमेरिकी नियमाच्या काट्यावर तोललेला आहे: रिकामं वजन 254 पौंडांच्या आत, म्हणजे 115 किलो, आणि टाकी 5 गॅलनची, साधारण 19 लिटर. पॅराशूट लावलं तर वजनात थोडी सूट मिळते. त्यामुळे नळीची जाडी कुठेही गरजेपेक्षा जास्त नाही. तिथे एक मिलिमीटर खाल्ला गेला, तर उरतं काय?

पंख मागे दुमडतात. सुरुवातीला हे मला फुकटचं वजन वाटलं होतं. बिजागऱ्या आणि पिना काढून ते 3 किलो दुसरीकडे का वापरले नाहीत, असं मी मित्रांना सांगत फिरायचो. ते मत मी मागे घेतो. दाबोळी नौदलाचा तळ, उत्तरेला मोपाचा मोठा विमानतळ. हौशी माणसाला गोव्यात उडायला जागाच नाही. मी ट्रेलरवर घालून चोर्ला घाटातून वर एका क्लबच्या धावपट्टीवर नेतो. दुमडलेले पंख सरळ करून पिना तपासायला दोघांना 25 मिनिटं लागतात. हँगरचं भाडं शून्य, कारण विमान घरच्या शेडमध्ये मावतं. आज विचाराल तर ह्या किटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

पण शेडमध्ये ते मागच्या चाकावर उभं असतं. नाक वर, शेपटी खाली. बूम पुढे उघडा आणि मागे बंद, कारण चाकाचं पोलादी सॉकेट त्यात ठोकून पॉप रिबिटांनी बसवलंय. समुद्र 4 किलोमीटरवर. मीठ जावं म्हणून दर खेपेनंतर मी गोड्या पाण्याने धूत होतो, आणि तेच पाणी पुढून आत शिरून टोकाशी साचत होतं. वर आपला वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस आणि त्याची चार महिन्यांची दमट हवा. पोलाद, अॅल्युमिनियम आणि मधे खारट ओल, की लहानशी बॅटरीच तयार होते, आणि त्यात अॅल्युमिनियम स्वतः झिजत जातं. मला वाटलं नळीच हलकी पाठवली. तसं तिखट पत्रही लिहिलं. उत्तर आलं, साठवणुकीतली चूक मालकाची.

मग मालिम जेट्टीवर ट्रॉलरचं काम करणाऱ्या ओळखीच्या वेल्डरला कापलेला तुकडा दाखवला. त्याने तो उलटसुलट फिरवला आणि एवढंच विचारलं, "बाब, उदक खंय वतलें?"

पाणी जायला वाटच नव्हती. तळाला 5 मिलिमीटरचं एक भोक हवं होतं! पंखाच्या पुढच्या नळीला आहे, टाकीखालच्या तबकाला आहे, फक्त इथे नाही. नळी कमकुवत होईल ही सबबही चालत नाही. वाकवणारा ताण टोकाशी सगळ्यात कमी असतो. आजवरच्या 38 तासांपैकी त्या 17 नंतरच्या प्रत्येक लँडिंगला माझ्या डोक्यात हे भोक असतं, हे मान्य करतो.

नवी नळी मूळ 9 हजारांची. एवढी लांब वस्तू, तिचं भाडं आणि कस्टम धरून घरी पोचेपर्यंत 41 हजार झाले. तेवढ्यात वर्षभराचं पेट्रोल आलं असतं. मॅन्युअलच्या नव्या आवृत्तीत तरी भोक दाखवा, ही माझी एकच मागणी आहे, त्याला अजून होकार नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात: तक्रार नाही. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून टाकीत काही ठेवत नाही, ते ओल ओढून घेतं. रबरी नळ्या वर्षातून एकदा बदलतो. कापड उन्हाने खराब होतं, म्हणून विमान उघड्यावर एक दिवससुद्धा ठेवलेलं नाही.

नव्या बूमला विक्रेत्याला नुसतं कळवून मी भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, सॉकेट गंज रोखणारा एपॉक्सी प्रायमर ओला असतानाच बसवलं. यंदा जूनपासून खाली स्टीलची वाटी ठेवतोय. धुतल्यानंतर दोन-तीन चमचे पाणी पडतं, नुसत्या पावसाळी हवेत आठवड्याला अर्धा चमचा. किट घेणार असाल तर घ्या, उडायला ते खरंच गोड आहे. फक्त मागच्या चाकाचं सॉकेट बसवायच्या आधी ड्रिल हातात घ्या, कारण रिबिटं मारल्यावर आतली धार घासता येत नाही.