उजनीकाठचा कॅम्प की वस्तीवरचा तंबू?

घरात स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चळवळ फार) असलेलं मूल आहे आणि थंडीत एक रात्र तंबूत काढावी असं मनात घोळतंय, तर सोलापूरकरांपुढे सोयीचे दोन पर्याय आहेत: उजनीच्या फुगवट्याकाठचा तयार कॅम्प, नाहीतर कुणा नातेवाइकाच्या वस्तीवर आपला तंबू. आमचा मुलगा स्वमग्न आहे, बोलतो मोजकंच. त्याला घेऊन दोन्हीकडे राहिलोय.

कॅम्पला तंबू उभा असतो, गादी घातलेली असते, संडास जवळ आणि स्वच्छ. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला नावेतून फ्लेमिंगो दिसतात. आमचा तर इतका वेळ बघत बसला की नावाडीच कंटाळला. स्पीकर असतो, पण कानांवर हेडफोन चढवला की निभतं, आणि रात्री दहानंतर तो कायद्यानेच बंद.

मला नडली ती वेळ. आमचं पोरगं पुढे काय होणार ते क्रमाने दाखवणाऱ्या चित्रांच्या पट्टीवर चालतं: शेकोटी, जेवण, झोप. शेकोटी साडेसातला म्हणून सांगितलं होतं. पण पुण्याहून एक ग्रुप यायचा होता, तो आल्याशिवाय पेटवणार कशी? "होईल सर, पाच मिनिटांत." नऊ वाजले. तोवर हा पट्टीवरचं शेकोटीचं चित्र काढतोय, लावतोय, परत काढतोय. शेकोटी पेटली तेव्हा तो तंबूत, पांघरुणाखाली. आवाजाला हेडफोन आहे. "पाच मिनिटांत"ला काय घालायचं? कॅम्पवाल्यांचंही बरोबर असेल, सगळ्यांचं गणित ते एका पोरासाठी कशाला मोडतील.

वस्तीवर आगटी आपल्या हातात. चित्र लावलं की गोवऱ्या पेटतात. हुरडा तो खाईलच असं नाही, मऊ-कोमट त्याला चालत नाही. पण भाजलेलं कणीस जरा निवलं की तळहातावर चोळून दाणे काढण्यात रमतो. पोटाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच न्यायची. कुठेही खा, तीच चव, तोच कुरकुरीतपणा.

वस्तीलाही खोडी आहेत. विहिरीला कठडा नसतो बऱ्याचदा, आणि अशा काही मुलांना पाण्याची ओढ फार. उजनीलाही पाणी आहेच म्हणा. आम्ही तंबू विहिरीपासून लांब, घराच्या दुसऱ्या अंगाला लावतो आणि रात्री आळीपाळीने जागतो. शिवाय शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची असेल तर ऑटोवरची मोटर मध्यरात्री दणक्यात सुरू होते. मेव्हण्याला आधी सांगून ठेवलं की म्हणतो, "बंदच ठेवतो की दाजी आजच्या रात." शेजारच्या वस्तीवरची माणसं "बोलत नाही का अजून?" विचारतातच. त्याचं उत्तर सासूबाई देतात: "बोलायचं असलं की बोलतंय."

तुमच्या मुलाला वेळ इकडेतिकडे झालेली चालत असेल तर उजनी चांगलं आहे; एडीएचडीची काही मुलं तिथल्या धावपळीत खुलतातही. जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा आणि फोनवर जेवणाच्या मेनूआधी शेकोटी नक्की कधी पेटते ते विचारा. उत्तर "पाहुणे आले की" असं आलं, तर निदान मी तरी मेव्हण्याला फोन लावेन. जे काही ठरवाल ते फेब्रुवारीच्या आत. मार्च लागला की आपल्याकडे दुपारी तंबूत बसवत नाही.