कपाटाच्या दारामागचा तक्ता: सवयी लावण्याच्या सल्ल्यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

माझ्या मुलीला पंधरावे वर्ष लागले त्या महिन्यात आम्ही घरात सवयींचा तक्ता सुरू केला, आणि आता त्याला नऊ महिने पूर्ण झाले आहेत. किशोरवयीन मुलांना चांगल्या सवयी लावण्याविषयी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून जे सल्ले सतत दिले जातात, त्यांपैकी पाच आम्ही वापरून पाहिले: सुरुवात अगदी छोट्या कृतीने करावी, नवी कृती आधीपासून अंगवळणी पडलेल्या कृतीला जोडावी, रोज खूण करावी, पहाटे उठावे आणि नेम पाळल्याबद्दल बक्षीस ठेवावे. पहिले तीन आमच्याकडे टिकले, चौथ्याने नुकसान केले, आणि पाचव्यामुळे घरात जे घडले ते पुढे सविस्तर लिहिते. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण ती मला वेळेवर कळली असती तर आमचे तीन महिने वाचले असते. सवय कोणती लावायची हे मुलीने ठरवले, तेव्हा तक्ता चालू लागला. मी ठरवत होते तोवर तो केवळ माझ्या देखरेखीचे साधन होता.

पहिल्या तीन महिन्यांतला तक्ता पूर्णपणे माझा होता. पहाटे पाचला उठणे, व्यायाम, अवांतर वाचन, रोजची गणिते आणि रोजनिशी अशा पाच ओळी मी एकाच दिवशी आखल्या. फोनवरच्या एका ॲपमध्ये त्या भरल्या आणि पहिला आठवडा इतका सुरळीत गेला की मी निश्चिंत झाले. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर एकेक ओळ रिकामी राहू लागली. त्या ॲपमध्ये सलग किती दिवस नेम पाळला याचा आकडा ठळकपणे दिसत असे आणि एक दिवस जरी चुकला तरी तो शून्यावर येई. सव्विसाव्या दिवशी मुलीला ताप आला. दोन दिवसांनी तिने फोन उघडला तेव्हा पाचही ठिकाणी शून्य होते. त्यानंतर तिने ते ॲप पुन्हा उघडले नाही, आणि मी आग्रह केला तेव्हा ती म्हणाली, "आई, आता परत एकपासून कोण मोजणार?" तेव्हा मला तो आळस वाटला होता. आज वाटते की तिचे म्हणणे अगदी रास्त होते, कारण पंचवीस दिवसांची मेहनत कुठेच शिल्लक दिसत नसेल तर पुन्हा सुरुवात करायला मोठ्या माणसालाही बळ येत नाही.

पहाटे उठण्याच्या सल्ल्याविषयी मला जरा कडक भाषेत लिहायचे आहे, कारण तो फार सहज दिला जातो. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक लहान मुलांच्या तुलनेत रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे किशोरवयीन मुलांना लवकर झोप येतच नाही. अमेरिकेतील निद्राविज्ञानाच्या तज्ज्ञ संस्थेने 2016 मध्ये 13 ते 18 वर्षे वयासाठी दिवसाकाठी 8 ते 10 तास झोप सुचवली आहे. माझी मुलगी साडेअकराला झोपत होती आणि पाचला उठत होती, म्हणजे तिला जेमतेम साडेपाच तास मिळत होते. ती उठायची हे खरे, परंतु टेबलाशी बसून डोळे उघडे ठेवण्यातच तिचा पहिला तास जायचा, आणि संध्याकाळी साध्या बोलण्यावरही ती चिडायची. ती चिडचिड मी वयाच्या खात्यावर टाकली, ही माझी चूक होती. पहाटेची ओळ खोडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत तिचा स्वभाव निवळला. ज्या घरात मूल रात्री दहाला झोपू शकते तिथे हा सल्ला चालत असेल. जिथे उठण्याची वेळ ठरते पण झोपण्याची ठरत नाही, तिथे तो देऊच नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता बक्षिसाविषयी. ॲप बंद पडल्यावर आम्ही कागदी तक्त्याकडे वळलो आणि उत्साह टिकावा म्हणून मी असे ठरवले की आठवड्याच्या सर्व खुणा भरल्या तर रविवारी दोन तास जास्त फोन मिळेल. दोन आठवडे तक्ता काठोकाठ भरला. तिसऱ्या रविवारी दुपारी मी कपडे आवरत असताना मुलगी येऊन दारात उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, बुधवारच्या आणि शुक्रवारच्या खुणा खोट्या आहेत. वाचन केलंच नव्हतं." तिच्या हातात फोन होता आणि तो तिने माझ्यापुढे धरला होता. मला तिचा राग आला नाही, माझाच आला. जी मुलगी लहानपणी न सांगता गोष्टी वाचत बसायची, तिच्या वाचनाला मी तासांचा भाव लावला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रे काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावली, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत ती मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. हे मी पूर्वी वाचले होते, पण ते आपल्या घराला लागू पडेल असे तेव्हा मनात आले नव्हते. त्या दिवसापासून बक्षीस बंद झाले आणि वाचनाची ओळही तक्त्यातून निघाली. वाचन हळूहळू परत आले, तेही कोणत्याही खुणेशिवाय.

त्याच आठवड्यात मी तिला कोरा आलेख कागद दिला आणि सांगितले की यावर काय लिहायचे ते तू ठरव, आणि एकही ओळ लिहिली नाहीस तरी मी विचारणार नाही. चार दिवस कागद तसाच होता. पाचव्या दिवशी तो तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला दिसला. तो येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून तिने ती जागा निवडली होती, आणि शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल लटकवली होती. ओळी तीनच होत्या: रात्री दप्तर भरणे, गणित, आणि रात्री फोन खोलीबाहेर. यांतील तिसरी ओळ मी कधी सुचवली असती तर घरात वाद झाला असता.

दप्तराची सवय सर्वांत लवकर लागली. दात घासून झाले की दप्तर, अशी तिने जोड घातली. दात घासणे रोज ठरल्या वेळी होतेच, त्यामुळे वेगळी आठवण लागत नाही. सुमारे तीन आठवड्यांनी ती खूण करायलाही विसरू लागली, कारण काम आपोआप होत होते. फोनची ओळ अवघड होती. नुसते "फोन कमी वापरीन" असे ठरवून काही साधत नाही हे तिला महिनाभरात कळले, आणि मग तिने जर-तरचे वाक्य लिहिले: जर दहा वाजले, तर फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. अमुक वेळ आली की अमुक करायचे असे आधीच ठरवून ठेवले तर काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे. या सल्ल्याचा एक भाग कोणी सांगत नाही, तो असा की फोन बाहेर गेला तर गजराचे काय हा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहतो. आम्ही वेगळे घड्याळ आणले. त्याची टिकटिक नको म्हणून ती काही दिवस ते टॉवेलमध्ये गुंडाळून झोपत असे. अशा बारीक अडचणी त्याच दिवशी सोडवल्या नाहीत, तर त्या सबबी होऊन बसतात. शिवाय हा नियम मला आणि तिच्या बाबांनाही लावून घ्यावा लागला. आमचे फोन उशाशी आणि तिचा बाहेर, हे चार दिवससुद्धा चालले नसते.

गणिताबद्दल मात्र मला थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण तिथे तिने स्वतःची युक्ती शोधली. छोट्या सुरुवातीचा सल्ला म्हणून तिने रोज एकच गणित ठरवले होते, तरीही वही उघडायची टाळाटाळ होत होती. एका रात्री मी तिच्या टेबलाजवळून जाताना पाहिले, तर तिने वही मिटण्याआधी पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीच्या गणिताचा क्रमांक घातला, दिलेली माहिती लिहिली, पहिली पायरी मांडली आणि तिथेच थांबून पानावर पट्टी ठेवली. मी कारण विचारले नाही; तिनेच सांगितले की कोरे पान बघितले की नको वाटते, आणि अर्धे लिहिलेले असले की हात आपोआप पुढे जातो. त्या दिवसानंतर तिच्या ओळीतील खाडे निम्म्यावर आले. पुढे एका गणिताची तीन-चार गणिते होऊ लागली, पण तक्त्यावर ओळ अजूनही "एक गणित" अशीच आहे. ती वाढवू नये असे तिने मला बजावले आहे. थकलेल्या दिवशीही एक गणित होते, चार होत नाहीत, आणि खूण थकलेल्या दिवसासाठीच आहे असे तिचे म्हणणे आहे.

किती दिवसांत सवय लागते, हा प्रश्न मला ओळखीच्या बहुतेक पालकांनी विचारला. 21 दिवसांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधील लेखनातून पसरला, आणि मुळात ते निरीक्षण रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची ओळख पडायला किमान किती दिवस लागतात याविषयी होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सरासरी 66 दिवस सांगतो, आणि त्यातला पल्ला 18 पासून 254 दिवसांपर्यंत आहे. निरीक्षण 84 दिवसांचेच असल्याने त्यापुढचे आकडे गणिताने काढलेले आहेत. तो अभ्यास किशोरवयीन मुलांचा नव्हता, तरी आमच्या कागदाशी तो जुळतो: दप्तराला तीन आठवडे लागले, फोनला सुमारे अडीच महिने, आणि गणिताला शंभराहून अधिक दिवस. मुलांना 21 दिवसांचे आश्वासन देऊ नये, कारण बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की त्यांना दोष स्वतःचा वाटतो.

त्याच अभ्यासात असेही आढळले की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही. मी हे तिला वाचून दाखवले आणि आमच्या तक्त्यातला सर्वांत उपयोगी बदल त्यातून झाला. चुकलेल्या दिवशी ती चौकोन रिकामा सोडत नाही, त्यात छोटे वर्तुळ काढते. वर्तुळाचा अर्थ "आज झाले नाही, उद्या आहे" एवढाच. लागोपाठ दोन वर्तुळे आली तर ओळ जास्त अवघड झाली आहे असे समजून ती सोपी करायची, हा तिचा नियम आहे. सहाव्या महिन्यात परीक्षेच्या काळात फोनच्या ओळीत सलग पाच वर्तुळे आली होती. तिने दहाची वेळ साडेदहा केली आणि परीक्षा संपल्यावर पुन्हा दहावर आणली. जुन्या ॲपवर हीच गोष्ट घडली असती तर पहिले पाढे पंचावन्न झाले असते.

सगळे साधले आहे असे मी म्हणणार नाही. व्यायाम आजही तक्त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांच्या हालचालीची शिफारस करते आणि आम्ही त्याच्या जवळपासही नाही. मला त्याची काळजी वाटते, तरी ती ओळ मी लिहिणार नाही. सुट्टी लागली की शाळेच्या वेळेला बांधलेल्या सवयी सैल होतात, हेही दोनदा अनुभवले. घरात दोन मुले असतील तर तक्ते शेजारी शेजारी लावू नयेत, तुलना लगेच सुरू होते, असे माझ्या बहिणीने तिच्या अनुभवावरून सांगितले आहे. आणि मूल सतत उदास असेल, झोप पूर्ण उडाली असेल, तर तक्ता बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. तो सवयींचा प्रश्न नसतो.

मोठी सुट्टी पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे. काल रात्री कपाटाचे दार अर्धवट उघडे होते, तेव्हा नवा कागद दिसला. दप्तराची ओळ त्यावर नाही. वर पेन्सिलीने लिहिले आहे, "जर शाळा नसेल, तर गणित अंघोळीनंतर," आणि खाली एक ओळ आखून तिचे नाव अजून कोरे ठेवले आहे.