बिअर गेम: साठ्याची लाट कुठून उठते हे दाखवणारा पट

ग्राहकाची मागणी फारशी हलत नसताना गोदाम कधी तुडुंब भरते आणि कधी रिकामे का पडते, हा प्रश्न ज्यांना रोजच्या कामात छळतो, त्यांनी ‘बिअर गेम’ हा पटावरचा खेळ एकदा तरी पुरेसा वेळ काढून खेळावा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६०च्या दशकात तयार झालेल्या या खेळात किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा असतात. प्रत्येकाने दर आठवड्याला किती माल मागवायचा एवढेच ठरवायचे, आपसांत बोलायचे नाही, आणि ग्राहकाची खरी मागणी फक्त किरकोळ विक्रेत्यालाच दिसते. शिल्लक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर आणि पुरवू न शकलेल्या पेटीमागे एक डॉलर खर्च धरला जातो, त्यामुळे माल साचण्यापेक्षा तो संपण्याची धास्ती मोठी ठरते.

ग्राहकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला ४ पेट्या असते, पाचव्या आठवड्यात ८ होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. उलथापालथ होते ती या एका पायरीमुळे. मी वितरकाच्या जागी होतो. माल येईना म्हणून ऑर्डर वाढवत गेलो; आधी मागवलेला माल वाटेत आहे, हे समोरच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेले असूनही मी तो हिशेबात धरला नाही. पुढे तो सगळा एकदम येऊन थडकला आणि कित्येक आठवडे मी शून्याची ऑर्डर देत बसलो. संशोधक जॉन स्टरमन यांच्या १९८९ मधील अभ्यासात खेळाडूंची नेमकी हीच चूक नोंदलेली आहे. तिथे संघांचा सरासरी खर्च किमान शक्य खर्चाच्या सुमारे १० पट निघाला होता. खेळ संपल्यावर ग्राहकाच्या मागणीचा अंदाजे आलेख काढायला सांगितला, तेव्हा कारखाना सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने उंच लाट काढली. प्रत्यक्षातली सपाट रेघ पाहून तो बराच वेळ बोलला नाही.

खेळाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. मागणीतला छोटा बदल पुरवठ्याच्या साखळीत मागेमागे जाताना फुगत जातो, याला ‘बुलव्हिप’ परिणाम म्हणतात. हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या संशोधकांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणे मांडली, त्यांपैकी आलेल्या ऑर्डरींवरून पुढचा अंदाज फुगवत नेणे एवढेच इथे अनुभवायला मिळते. महिनाभराची गरज साठवून एकदम दिलेली मोठी ऑर्डर इथे नाही, स्कीम लागली की भरून ठेवलेला माल नाही. सर्वांत जास्त उणीव जाणवते ती टंचाईतल्या वागण्याची: पुरवठादार ऑर्डरीच्या प्रमाणात माल वाटतो हे कळले की १०० नग हवे असलेला दुकानदार २०० मागतो, आणि टंचाई सरताच जास्तीची ऑर्डर रद्द करतो, म्हणून कारखान्याला दिसलेली मागणी कधी अस्तित्वातच नसते. एका पुरवठादाराला एकच गिऱ्हाईक असलेल्या या पटावर हे घडणे शक्य नाही.

संगणकावरची आवृत्ती लवकर उरकते, पण मी कागदी पटच सुचवेन, कारण वाटेतला माल हाताने एकेक घर पुढे सरकवावा लागतो. जमल्यास दुसरी फेरी ग्राहकाच्या मागणीचे आकडे चौघांनाही दाखवून खेळावी. लाट लहान होते, पण पुरती जात नाही, कारण माल पोहोचायला लागणारा वेळ तेवढाच राहतो आणि वाटेतल्या मालाचा विसरही पडतच असतो.