बिअर्डेड ड्रॅगनची पिल्लं : शेतातले नाकतोडे की घरचे रातकिडे?

पावसाळ्यानंतर बांधावर नाकतोडे फुकट मिळतात, त्यामुळे बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पाळणाऱ्यांना आपल्या विदर्भात त्याच्या पिल्लांना काय खाऊ घालावं हा प्रश्न येतोच. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लासाठी मी घरी वाढवलेले रातकिडेच निवडेन. कपाशीवर फवारणी होते. विष लागलेला नाकतोडा उड्या मारताना दिसतो, पण काही ग्रॅमच्या पिल्लाला तेवढंही भारी पडतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं दगावली, तिथं या जिवाची काय कथा! शिवाय पकडलेल्या किड्यांत चुकून काजवा आला, तर तो एकटाच जीव घेऊ शकतो.

रातकिड्यांना झाकणाला जाळी लावलेला डबा, अंड्यांचे ट्रे, कोंडा आणि गाजराचे तुकडे पुरतात. वास येतो, नर रात्रभर किरकिरतात, तेवढं सोसावं. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. वर कॅल्शियमची पूड भुरभुरावी.

पिल्लाच्या पेटीत वाळू नको, कागदच अंथरा. वाळू गिळून आतडं तुंबतं. एका टोकाला चाळिशीच्या आसपास ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा हवा. मे महिन्यात मात्र टिनाच्या खोलीत पेटी ठेवूच नका.