जुने जपानी सायकल पार्ट परदेशातून मागवले: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव–खानापूर–जांबोटी रस्त्यावर नऊ महिने, त्यात सगळा पावसाळा, चाललेला संच असा: सनटूर सायक्लोन डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), फ्रिक्शन लिव्हर (खाचा नसलेला गिअरचा दांडा), सुगिनो क्रँक (पेडलचे दांडे), एमकेएस पेडल, शिमानो 600 हब (चाकाचा मध्यभाग). माल अव्वल आहे. डोकेदुखी झाली ती मापांची.

सगळ्यात जास्त वेळ हबने खाल्ला. इतक्या वर्षांत ग्रीस वाळून मेणासारखे पिवळे, घट्ट होते. एक्सल हाताने सहज फिरला तरी हब तसाच चढवू नका. रॉकेलने धुवा आणि कोनच्या (एक्सलवरचा शंकूसारखा नट, ज्यावर छर्रे फिरतात) वाटेवर नख फिरवा. खड्डा लागला तर कोन बाद. छर्रे बेळगावात कुठेही मिळतात: मागे पाव इंचाचे प्रत्येक बाजूला 9, पुढे 3/16 इंचाचे 10. या हबला रबरी सील नाही, नुसती धूळ-टोपी आहे, म्हणून जांबोटीकडच्या पावसात महिन्याला एकदा तरी उघडून ग्रीस बदलावेच लागले. डिरेलर आणि फ्रिक्शन लिव्हरने मात्र एकदाही त्रास दिला नाही. खाचा नसल्यामुळे कुठलीही चेन, कुठलेही फ्रीव्हील (मागच्या हबवर आट्यांनी बसणारा चक्रांचा संच) चालवून घेतात.

इंडेक्स गिअर (लिव्हरच्या प्रत्येक खाचेला एक गिअर) हवा असेल तर शिमानोच्या ड्युरा-एस 7400 चा लिव्हर आणि डिरेलर जोडीनेच घ्या; दुसऱ्या शिमानोशी त्याची केबल-खेच (एका खाचेला केबल किती ओढली जाते ते) जुळत नाही. ड्युरा-एस याच नावाची 10 मिमी पिचची (दोन दातांमधले अंतर) चक्रेही विकायला असतात. आपली चेन 12.7 मिमीची, त्यामुळे ती बसणारच नाही. युनिग्लाइड फ्रीहबवर (शिमानोचा जुना मागचा हब, ज्यावर चक्रे सुटी बसतात) सर्वांत लहान चक्रच आट्यांनी बाकीची धरून ठेवते, म्हणून नवी कॅसेट (चक्रांचा संच) तिथे चढत नाही. हेडसेट (हँडल फिरवणारी बेअरिंगे) घेताना फोर्कची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची, बैठक व्हर्नियरने मोजा: जपानी माप 27.0 मिमी, दुसरे प्रचलित माप 26.4 मिमी. ठोकून बसवायचा विचारही नको.

सनटूरच्या दोन खाचांच्या फ्रीव्हीलचा पुलर (ते काढायचे हत्यार) इथल्या दुकानांत सापडला नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कडक स्टीलचा करून घेता येतो. तो एक्सलच्या नटाने हबला दाबून धरा, व्हाइसमध्ये पकडा आणि चाक फिरवा. नट घट्ट नसेल तर खाचा उडतात आणि फ्रीव्हील कायमचे अडकते. सुटू लागले की नट सैल करत राहा.

जाहिरातीत ‘जंक’ लिहिले असेल तर माल परत घेत नाहीत. क्रँकच्या मागच्या बाजूचा, जिथे दांडा स्पायडरला (चेनचे चक्र धरणारा पंजा) मिळतो तिथला, फोटो मागा. एका क्रँकचा तडा तिथेच निघाला आणि समोरच्या फोटोत तो दिसतच नव्हता. शिमानोवरची दोन अक्षरे वर्ष-महिना सांगतात: ए म्हणजे 1976, म्हणून एचसी म्हणजे मार्च 1983.

जकात भाडे आणि विमा धरलेल्या रकमेवर लागते. म्हणून पेडलची एकटी जोडी मागवणे परवडत नाही. मध्यस्थाच्या (आपल्या वतीने तिथे खरेदी करून माल पाठवणाऱ्याच्या) गोदामात चार-पाच वस्तू साठवून एकच पेटी काढा. ब्रेकची जुनी रबरे आली तर ती हिशेबात धरूही नका, दगडासारखी असतात. पहिल्याच दिवशी नवी घाला, चोर्ला घाट उतरायचा असेल तर नक्कीच.